गाडी जागची हलली नव्हती

सोमवार, ४ ऑगस्ट

बारके,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे पत्र बाजूला टाकशील याची मला खात्री आहे, म्हणून कामाचं आधी सांगते. सोबत एक कागद जोडलाय. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर आणि परत पाठव. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

वाचते आहेस म्हणजे. बरं.

गाडीच्या विम्याचं काम आहे. कंपनीने यंदा हप्ता वाढवलाय, आणि थोडाथोडका नाही, जवळजवळ दुप्पट. मला वाटलं छपाईची चूक असेल. विमेवाल्याला फोन केला तर तो स्वतःच घरी आला. तुला आठवेल तो. बाबांकडे गाडी शिकायला यायचा आणि गाडी मागे घेताना घाबरून डोळे मिटायचा, तोच. आता गळ्यात टाय असतो, पण दारात उभा राहून अजून दबक्या आवाजात विचारतो, "सर झोपलेत ना?"

आत येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या गाडीवर दोन दावे लागलेत."

"आमच्या गाडीवर धूळ आहे," मी म्हटलं. "दावे कुठून लागतील?"

शहराबाहेर टेकडीला वळसा घालून जाणारा रस्ता आहे ना, पेट्रोल पंपाच्या पुढे ते आंधळं वळण, जिथे बाबा प्रत्येक शिकाऊला एकदा तरी घेऊन जायचे? तिथे म्हणे आपली गाडी चुकीच्या बाजूने समोरून आली. तिला चुकवताना दुसरी गाडी कठड्यावर गेली. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत, आणि दोन्ही वेळा तीच दुसरी गाडी. आपल्या गाडीचा कुणाला धक्का नाही, ओरखडा नाही, पण पंपावरच्या बाईने दोन्ही वेळा नंबर टिपला. आपला नंबर.

बारके, तू गेलीस तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. बॅटरी कधीच उतरलीय. पुढच्या एका चाकात हवा नाही. किल्ली माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली, तू माझ्या हातात कोंबलीस तेव्हापासून. मग विमा तरी कशाला भरतेस, असं विचारशील. गाडी विकायचं नाव बाबांसमोर तू काढून बघ, मग मला विचार.

विमेवाल्याचा सल्ला असा की कंपनीच बदलून टाका. दुसरी एक कंपनी जुन्या हप्त्यात घ्यायला तयार आहे. फक्त जुनी पॉलिसी सोडायची तर तिच्यावर चालक म्हणून ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या लागतात. तू परीक्षा पास झालीस त्या आठवड्यात बाबांनी तुझं नाव घातलं होतं. ते काढायचं राहून गेलं.

बाबा ठीक आहेत. खातात, झोपतात. डोळ्यांचं म्हणशील तर आहे ते आहे. सकाळी चहा झाला की खाली गॅरेजात जाऊन गाडीत बसतात थोडा वेळ. तेवढाच विरंगुळा.

सही कर.

ताई


बुधवार, १३ ऑगस्ट

बारके,

कागद मिळाला. सही नाही. मागच्या बाजूला तुझी एक ओळ: 'बाबा गाडीत कुठल्या सीटवर बसतात?'

तीन वर्षांनी तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य. 'कशी आहेस' नाही, 'दुकान चाललंय का' नाही. दुकान चाललंय. पोरांना आता लहानपणीच चष्मे लागतात, त्यामुळे माझं बरं चाललंय.

शेजारच्या सीटवर बसतात. दुसऱ्या कुठल्या बसणार? सगळा जन्म त्या सीटवर गेला त्यांचा. पायाशी तो दुसरा ब्रेक अजून आहे, शिकवणीच्या गाडीचा. स्टिअरिंगसमोरची जागा रिकामी असते. तिच्याकडे तोंड करून ते बसतात, पट्टा लावतात आणि शिकवतात.

हो, शिकवतात. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं नाही वाटलं. म्हातारं माणूस एकटं असलं की बोलतं. मी जिन्यात उभी राहून ऐकते कधीकधी. "आरशात बघ. आधी बघ, मग वळ. हं. क्लच असा झटक्यात सोडायचा नाही, त्याला काय विंचू चावलाय का?" मग थांबतात. समोरच्याने काही म्हणावं इतका वेळ थांबतात. आणि मग हसतात, बारके. कुणीतरी उलट उत्तर दिल्यावर हसावं तसं हसतात. मला त्यांनी शिकवलं तेव्हा मी उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

एकदा ते वर आल्यावर मी शटर लावायला गेले. जाता जाता बॉनेटवर हात पडला तर ते कोमट लागलं. यंदा ऊन फार आहे, त्यामुळे असेल.

तू हे का विचारलंस? तू इथे येऊन गेलीस का कधी, मी दुकानात असताना? तसं असेल तर सांग, मी रागावणार नाही. त्या दिवशीही मी रागावले नव्हते. तू बाबांच्या हातातून किल्ली ओढून घेतलीस आणि मला म्हणालीस, "तुझ्या दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावरचं अक्षर न अक्षर पाठ आहे त्यांना, तुला कळत कसं नाही?" तेव्हा मी काहीच बोलले नाही. बोलले ते बाबा. ते पुन्हा लिहीत नाही, तुला पाठ असेल.

विमेवाला आज परत आला. त्याने नीट समजावून सांगितलं. म्हणाला, "ताई, गेलात तर इथली फाईल बंद. कोणी तक्रार केली, का केली, कधीच कळणार नाही, पण कळून करायचंय काय? राहिलात तर वाढीव हप्ता भरावा लागेल, आणि वर चौकशी. दोन्ही बाजूंना बोलावतील."

"म्हणजे तक्रार करणारा कोण ते कळेल?"

"कळेल," म्हणाला. मग टाय सैल करत इकडेतिकडे बघितलं. "ताई, मी बोललो नाही असं समजा, पण पंपावरच्या त्या बाईशी मी स्वतः बोललो. ती म्हणाली की गाडीत..." आणि तेवढ्यात बाबा आतून खोकले, तर हा पठ्ठ्या चपला हातात घेऊन जिना उतरला.

नव्या कंपनीची सवलत सप्टेंबरअखेरपर्यंत आहे. घाई नाही. मी चौकशीला जाईन म्हणते.

ताई


शुक्रवार, २२ ऑगस्ट

बारके,

तुझा आवाज जाड झालाय. की फोनवर तसा वाटतो?

आता तुला कळलं असेल की काल त्या टेबलाच्या या बाजूला कोण बसलं होतं. नसेल कळलं तर सांगते, मी होते. निळी पर्स मांडीवर घेऊन.

कंपनीचं ऑफिस एका गाद्यांच्या दुकानावर आहे. बाहेर एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, एकीवर कोणी बसलं की सगळ्या हलतात. माझा नंबर आला तेव्हा तपासनीस बाई नाक पुसत होत्या. सर्दीने बेजार. त्या म्हणाल्या की समोरची गाडी एका लॅबची आहे, दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून नेणारी व्हॅन. दावा लॅबने लावलाय, चालक बाईंना यायला जमलं नाही, फोनवर बोलतील. आणि त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"मॅडम, गाडीवाली पार्टी समोरच बसलीय. तुमचं म्हणणं परत एकदा सांगता?"

"मी आधी सांगितलं तेच आहे," तू म्हणालीस.

मला वाटतं तुझ्या 'तेच आहे' मधल्या 'ते'लाच मी ओळखलं. तू व्हॅन चालवतेस हे मला माहीत नव्हतं. तू अजून त्या दवाखान्यात फोन घेतेस अशीच माझी समजूत. रोज त्या वळणावरून जातेस, आणि बाबांना वाटतं तू कुठल्या लांबच्या गावी आहेस. मलाही तू लांबच वाटायचीस. पत्त्यावर गल्लीचं नाव असतं, अंतर नसतं.

"गाडी जोरात होती?"

"नाही. शिकाऊ माणूस चालवतो तशी. सावकाश. पण सरळ माझ्या अंगावर."

"चालवत कोण होतं?"

"कोणी नाही."

"म्हणजे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. जागा रिकामी होती. शेजारच्या सीटवर एक आजोबा होते. त्यांचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. रिकाम्या जागेकडे बघून काहीतरी सांगत होते. समजावून सांगत होते."

बाईंनी रुमाल खाली ठेवला. "तुम्ही ओळखता त्यांना?"

खालून गादीवाल्यांचं पिंजायचं यंत्र चालू होतं, तेवढा आवाज.

"नाही," तू म्हणालीस.

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. तुमच्या घरात असं कोणी वयस्क आहे का? मी म्हटलं, वडील आहेत, पण ते घराबाहेर पडत नाहीत. ज्या बाई बोलल्या त्यांना ओळखता का? मी म्हटलं, नाही.

त्यावर मी तिथे सही केली, तू लॅबमध्ये केली असशील. लहानपणी कपबशी फुटल्यावर आपण दोघी असंच करायचो, न ठरवता.

मी दोन्ही तारखांच्या वेळा विचारून घेतल्या. सकाळची दहाची वेळ. बाबा गॅरेजात असतात ती.

आणि मागच्या पत्रात उन्हाचं लिहिलं होतं ते खोडून टाक. आपलं गॅरेज तळघरात आहे. तिथे ऊन कुठून येणार?

मी तूर्त कंपनी बदलत नाही, असं तिथे लिहून दिलं. विमेवाला कपाळाला हात लावून बसलाय.

ताई


सोमवार, १ सप्टेंबर

बारके,

हात कसा आहे? मनगट म्हणाला विमेवाला. उजवं की डावं, ते त्याला माहीत नाही. व्हॅन आडवी झाली म्हणाला. ऐकल्यापासून मला धड बसवत नाही. मी हे पत्र उभ्याने, दुकानाच्या काउंटरवर लिहितेय, गिऱ्हाईक ताटकळलंय.

काय झालं ते सांगते, म्हणजे मी हातपाय गाळून बसले नव्हते हे तुला कळेल.

चौकशीहून आले त्याच संध्याकाळी मी गॅरेजला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन बाबा खाली गेले. कुलूप हाताने चाचपलं. वर आले आणि मला म्हणाले, "बाई, क्लासचं कुलूप कोणी लावलं? पोरगी येऊन परत जाईल." मी म्हटलं, सुट्टी आहे. त्यांनी मान हलवली. मग रोज तेच. खाली जायचं, कुलूप चाचपायचं, वर यायचं. जेवण निम्म्यावर आलं. पण मला वाटलं, होईल सवय. आठवडाभर तुझ्याकडून काही कानावर आलं नाही, म्हणजे उपाय लागू पडला असं मी धरून चालले.

शनिवारी सकाळी मी भाजी चिरत होते. बाहेरच्या खोलीत खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. बघते तर जेवणाच्या टेबलाजवळच्या दोन खुर्च्या त्यांनी भिंतीकडे तोंड करून शेजारी-शेजारी मांडल्यात. एकीवर स्वतः बसलेत. दुसरी रिकामी. आणि शिकवणं सुरू. "सावकाश. पंप गेला की वळण येतं. आपल्या बाजूने घे. अगं, आपल्या बाजूने."

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जागा रिकामी आहे म्हणून हे सगळं. ती भरली की संपलं. मी सुरी ठेवली, हात पुसले आणि त्या खुर्चीवर जाऊन बसले.

बाबा थांबले. माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या दिशेने.

"ऊठ," म्हणाले. "ही तुझी जागा नाही."

"मग कोणाची, बाबा?"

"तिची. ती येतेय. वळणापर्यंत आलीय."

मी उठले. मी त्यांची नखं कापते, बारके. त्यांच्या डोळ्यांत औषध घालते, रात्री दोनदा उठून त्यांचं पांघरूण बघते. त्यांनी ऊठ म्हटल्यावर मी उठले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. ते पुढे वाकले, "थांब, थांब!" ओरडले आणि उजवा पाय त्यांनी जमिनीवर असा दाबला की टेबलावरच्या कपबश्या उडाल्या. घरभर जळक्या रबराचा वास आला. मी गॅस बघायला धावले. गॅस बंद होता.

दुपारी विमेवाल्याचा फोन. तिसरा दावा. "आता तरी बदला, ताई, तुमच्या पाया पडतो. पंपावरच्या बाईने नोकरी सोडली."

कंपनी बदलून काय होणार? गाडी विकली तरी काय होणार? त्यांना गाडी लागतच नाही, दोन खुर्च्या पुरतात. हे मी त्याला सांगितलं नाही, तुला सांगतेय. मी काहीही केलं तरी ते तुला शिकवायचं सोडणार नाहीत, आणि ज्या दिवशी शिकवतात त्या दिवशी तू त्या वळणावर असतेस.

म्हणून तू ये. माझ्यासाठी नको येऊस, समेटासाठीही नको. तुला त्या जागेवर येऊन बसावं लागेल, दुसरं काही मला सुचत नाही. ते म्हणाले होते तोंड दाखवू नकोस, ठीक आहे, त्यांना आता तोंड दिसतही नाही.

टेकडीच्या रस्त्याने येऊ नकोस. गावातून ये, बसने.

ताई


मंगळवार, ९ सप्टेंबर

बारके,

रविवारी तू गेल्यावर मी खाली बसूनच राहिले, गॅरेजाच्या पायरीवर. आपण धड बोललोच नाही. तू चपला घालताना मी एवढंच म्हणू शकले की प्लॅस्टर ओलं करू नकोस. तू गाडीत होतीस, मी दाराशी. तुला आतून काय दिसलं ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. मला बाहेरून काय दिसलं ते लिहिते. तुझ्याशी जुळतं का बघ.

कुलूप मी सकाळीच काढलं होतं. तू आलीस तेव्हा ते पट्टा लावून बसलेच होते. तू दार उघडलंस. ते म्हणाले, "उशीर केलास." तू म्हणालीस, "हो, झाला." बास. माझ्या मनात होतं की ते ओळखतील, रडतील, निदान आवाज चढवतील. तू बसलीस. एका हाताने तुला पट्टा ओढता येईना, तर त्यांनी स्वतः वाकून लावून दिला, न बघता, जन्मभर लावत आले तसा.

"आरसा बघितलास?"

"बघितला."

"मग चल."

किल्ली माझ्या मुठीत होती, बारके. मी ती इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर वळ उठला. इंजिनाचा आवाज झाला नाही, ते मी शपथेवर सांगते. तरी गाडी चाललेली मला दिसत होती. चाकं जागेवर होती, पण तुम्ही दोघं जसे हलत होतात, खड्ड्यात दोघांची मान एकदम खाली, वळणावर दोघं एकाच अंगाला, तसं उभ्या गाडीत कोणी हलत नाही.

"पंप गेला?"

"गेला."

"आता वळण. समोरून कोण येतंय?"

तुझा चेहरा मला काचेतून दिसत होता. असा चेहरा मी तुझा कधी पाहिलेला नाही, आई गेली तेव्हाही नाही.

"मीच येतेय, बाबा," तू म्हणालीस. "पांढरी व्हॅन आहे. मीच आहे तिच्यात."

मला वाटलं आता ते ओरडतील, पाय दाबतील. मी कान झाकायला हात वर केले. पण त्यांनी फक्त तुझ्या प्लॅस्टरवर हात ठेवला.

"मग तिला जागा दे. घाबरायचं नाही. ती तिच्या बाजूने जाईल, आपण आपल्या."

तू स्टिअरिंग थोडंसं वळवलंस. आणि तुमच्या दोघांच्या तोंडांवरून एक उजेड सरकत गेला, या कानापासून त्या कानापर्यंत, समोरून गाडी जवळून निघून जावी तसा. तळघरात एक बल्ब आहे, तो माझ्या डोक्यावर होता आणि तो हलत नव्हता. वारा आला. माझ्या कपाळावरचे केस उडाले.

"गेली बघ," बाबा म्हणाले. "झालं. एवढंच होतं."

नंतर तू रडलीस ते मी पाहिलं नाही असं समज. ते तुला म्हणाले ते मात्र मी ऐकलं. "हात कशाने मोडला?" "पडले." "जपून चालवत जा. माझी धाकटी पण अशीच आहे. सांगायला गेलं की राग येतो तिला." आणि तू म्हणालीस, "आता नाही येत." ते हसले. मी जिन्यातून ऐकायचे तेच हसू.

काल तू लॅबच्या दुसऱ्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्या रस्त्याने गेलीस आणि वळणावर काही नव्हतं, हे तू फोन करून सांगितलंस. दोन वाक्यांतच सांगितलंस, पण फोन केलास.

कंपनीने चौकशी बंद केली. धक्क्याची खूण नाही, गाडी चालू स्थितीत नाही, त्यामुळे दावे टिकत नाहीत म्हणे. हप्ता मात्र वाढलेला तो वाढलेलाच. "पद्धतच आहे, ताई," विमेवाला म्हणाला.

ताई


बुधवार, २४ सप्टेंबर

बारके,

रविवारी येतेस ना? बाबांना मी काही सांगितलेलं नाही. सांगून उपयोगही नाही, त्यांच्या लेखी तू पास होऊन गेलीस.

आधी विम्याचं, म्हणजे ते डोक्यातून जाईल. मी जुन्याच कंपनीत राहिले. पैसे भरून आले. विमेवाला हात जोडून विचारत होता, ताई, का? नवीन कंपनी स्वस्त आहे, फाईल कोरी आहे. मी त्याला म्हटलं, महाग असली तरी या कंपनीला आपली गाडी कुठे कुठे जाते ते ठाऊक आहे. नव्या लोकांना मी हे सगळं पहिल्यापासून कधी समजावून सांगू? तो हसला नाही. टाय नीट केला आणि निघाला.

आता दुसरं. आज सकाळचं.

तू येऊन गेल्यापासून बाबा गॅरेजात गेलेच नव्हते. चहा झाला की खिडकीशी बसायचे, हात मांडीवर. शांत होते. मला बरं वाटत होतं आणि बरंही वाटत नव्हतं. आज मी दुकानात जायला निघाले तर खालून हाक आली. माझ्या नावाने. कित्येक महिन्यांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. 'बाई' म्हणतात, नाहीतर 'अहो'.

खाली गेले. ते स्टिअरिंगसमोर बसले होते.

"बाबा, इथे नाही बसायचं," मी म्हटलं. त्यांना समोरचा हात दिसत नाही, तुला माहीत आहे.

"बस," ते म्हणाले, आणि शेजारच्या सीटवर थोपटलं.

त्या सीटवर मी कधी बसले नव्हते. लहानपणी मागे, शिकताना स्टिअरिंगवर. ती त्यांची सीट. मी बसले. पट्टा लावला. पाय आपोआप त्या दुसऱ्या ब्रेकवर गेला तर म्हणाले, "पाय मागे घे. मी चालवतोय ना?" घेतला मागे.

"कुठे सोडू तुला?"

मी आठवून बघितलं. असं मला कोणी विचारल्याचं आठवेना. दुकान, बाजार, दवाखाना, सगळीकडे मी आपली चालत जाते. दुकान सांगावं असं तोंडाशी आलं होतं, पण मी तुझा पत्ता सांगितला. पाकिटांवर लिहून लिहून पाठ झालाय. गल्ली आणि घराचा नंबर, तेवढंच.

"टेकडीवरून जाऊ," ते म्हणाले. "रस्ता चांगला आहे."

समोर गॅरेजाची भिंत होती. रंगाचे डबे, तुझी जुनी सायकल. हे सगळं शेवटपर्यंत तिथेच होतं, मला वेड लागलेलं नाही. पण खडी वाजत होती चाकांखाली. उजव्या बाजूने ऊन आलं, मग डाव्या बाजूने आलं. पंपाचा वास आला. ते छान चालवत होते, बारके. वळणावर त्यांनी वेग कमी केला, हॉर्न दिला, आपली बाजू धरली. समोरून कोणी आलं नाही. मला एकदाही भीती वाटली नाही, आणि आपण दोघी मिळून त्यांच्या हातून जे काढून घेतलं ते काय होतं हे मला तेव्हा कळलं. तरी पुन्हा काढून घेईन. तू घेतलंस ते बरोबरच होतं.

मग ते थांबले. हँडब्रेक ओढला. म्हणाले, "हे बघ, आलं. हिरवं गेट. खाली सायकलवाला आहे. वर खिडकीत निळा पडदा." मी तुझं घर पाहिलेलं नाही. त्यांना गल्ली आणि नंबर सोडून मी काहीही सांगितलेलं नव्हतं. भिंतीकडे बघत मी विचारलं, "पडदा उघडाय का?"

"आता उघडतेय," ते म्हणाले, आणि त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. बॅटरी नसलेला हॉर्न. माझ्या कानात अजून आहे तो. "बोलावू का तिला खाली?"

"नको," मी म्हटलं. "तिला कामावर जायचं असेल. रविवारी येणार आहे ती."

"बरं," म्हणाले. थोडा वेळ तसेच बसलो आम्ही. मग त्यांना झोप लागली, स्टिअरिंगवर हात ठेवून, आणि मी त्यांना उठवलं नाही.

म्हणून रविवारची वाट न बघता लिहितेय. आज सकाळी, दहाच्या सुमाराला, तू घरी होतीस का? हॉर्न ऐकून पडदा सारलास का? खाली गाडी असेल तर ती बाबा चालवत होते, घाबरू नकोस, ते व्यवस्थित परत आले.

फक्त एवढं कळव, शेजारच्या सीटवर तुला कोणी दिसलं का?

ताई